तिला विचारलं का?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांना मी कधी नावाने हाक मारली नाही. आमच्या वॉर्डात त्या 'मोठ्या सिस्टर' होत्या. मी हाउसमन होते तेव्हाचा सकाळचा राउंड अजून डोळ्यांसमोर आहे. पुढे सर, त्यांच्या मागे रजिस्ट्रार, मग आम्ही हाउसमन, आणि सगळ्यात शेवटी विद्यार्थ्यांचा घोळका. मी घाईघाईने केस सांगायची : "बेड नंबर 9, वय 26, तिसरी खेप, हिमोग्लोबिन 7, बाळंतपणानंतर नसबंदी." सर मान हलवून पुढच्या खाटेकडे वळणार, तेवढ्यात केसपेपरांची चळत छातीशी धरून उभ्या असलेल्या मोठ्या सिस्टर हळू आवाजात म्हणायच्या, "डॉक्टर, तिला विचारलं का?"

नसबंदी ठरली, तिला विचारलं का? उद्या घरी सोडायचं, तिला विचारलं का, घरी कोण आहे? विद्यार्थी तपासणार, तिला विचारलं का? त्या कधी आवाज चढवायच्या नाहीत, पण प्रश्न सोडायच्याही नाहीत. मला राग यायचा. तीस खाटा, अकरा वाजता ओपीडी, आणि ह्यांचं आपलं विचारलं का, विचारलं का. पुढे मी शिकवू लागले, निवृत्त झाले, डॉक्टर-नर्सेसची प्रशिक्षणं घेत जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरले. त्या सगळ्या प्रशिक्षणांचा गाभा मला सांगायचा झाला तर या तीन शब्दांपलीकडे जावं लागत नाही. आजचं बोलणंही त्याभोवतीच आहे.

संयोजकांनी पत्रात विषय लिहिला होता : 'आरोग्यसेवकांचं लिंगभाव-संवेदनशील प्रशिक्षण'. शब्द जड आहे, म्हणून आधी तो उलगडते. स्त्रीच्या अंगात रक्त कमी असतं. पाळी येते, बाळंतपणं होतात, हे झालं शरीराचं. पण ती घरात सगळ्यांच्या शेवटी जेवते, उरलेली भाजी तिच्या वाट्याला येते, लोहाच्या गोळ्या 'उष्ण पडतात' म्हणून सासूबाई बंद करतात, आणि दवाखान्यात यायचं तर सोबत आणि पैसे दोन्ही मागावे लागतात. हे शरीराचं नव्हे. हे बाई म्हणून जगण्याचं आहे, आणि त्यालाच आपण लिंगभाव म्हणतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. निम्म्याहून जास्त. आणि आम्ही वर्षानुवर्षं तीच गोळी लिहून देतो. गोळी तिच्या पोटापर्यंत का पोचत नाही, हे विचारणं औषधाचाच भाग आहे, असं मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

आता एक गोष्ट सांगते, जी मी जाहीरपणे फार वेळा सांगितलेली नाही. मोठ्या सिस्टरांच्या स्मृतीला समोर ठेवून ती लपवणं बरं नव्हे.

हाउसमनशिपचं पहिलं वर्ष. रात्रीचे अडीच. लेबर रूममध्ये तीन टेबलं, तिन्ही भरलेली, चौथी बाई खाली सतरंजीवर कळा देत होती. मी आदल्या सकाळपासून उभी. मधल्या टेबलावर एकोणीस वर्षांची पहिलटकरीण. मी आतली तपासणी करायला गेले की ती किंचाळायची, मांड्या घट्ट मिटून घ्यायची, वर सरकायची. मी तिला दोनदा दरडावलं. तिसऱ्या वेळी तिच्या मांडीवर फाडकन चापट मारली. ती गप्प झाली. एकदम गप्प. तासाभराने बाळ झालं, मुलगी, चांगली रडली. केसपेपरवर मी लिहिलं : पेशंट अनकोऑपरेटिव्ह.

मोठ्या सिस्टर त्या रात्री ड्यूटीवर होत्या. त्यांनी ओल्या फडक्याने त्या मुलीचं तोंड पुसलं, मान पुसली. मग मांडीवर जिथे माझी बोटं उमटली होती, तिथे आपला तळहात ठेवून थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मला काही बोलल्या नाहीत. सकाळी चहाच्या वेळी एवढंच म्हणाल्या, "डॉक्टर, ती का ओरडत होती, तिला विचारलं का?"

मी विचारलं. ती मुलगी पदराआडून म्हणाली, "तुम्ही काही सांगितलंच नाही. एकदम हात घातला. मला वाटलं, बाळाला ओढताय."

तिला आतली तपासणी म्हणजे काय हे कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या परीने ती बाळाला वाचवत होती. आणि रुग्णालयाच्या दप्तरात ती कायमची 'सहकार्य न करणारी' म्हणून नोंदली गेली. ती ओळ माझ्या अक्षरात आहे. पुढे ती खोडायची संधी मला मिळाली नाही.

ती चापट मला कोणत्याही पुस्तकाने शिकवली नव्हती. पण मी ती शिकले होते. माझ्या वरच्यांना तसं करताना पाहून, 'मजा करताना नाही ओरडलीस ती' यासारखी वाक्यं रोज कानावर पडून, आणि ती ऐकून सगळे हसतात हे बघून. आमच्या विषयाचं हे दुसरं, न छापलेलं पुस्तक. 'संवेदनशीलता शिकवून येत नाही, ती मुळातच असावी लागते' असं कुणी म्हटलं की म्हणूनच मी हटकते. निर्दयपणा आम्हाला शिकवलेलाच होता. जो शिकवता येतो, तो शिकवून घालवताही येतो. मी काही दुष्ट घरातली मुलगी नव्हते. माझे आईवडील शाळामास्तर. मन चांगलं असून भागत नाही. हाताला, जिभेला आणि पेनाला वळण लागतं.

आणि बाई डॉक्टर असूनही भागत नाही. एकोणिसाव्या शतकात ती मोठी आशा होती, आणि खरीही होती. आनंदीबाई जोशींनी अमेरिकेला निघण्याआधी, 1883 मध्ये सेरामपूरच्या सभेत, हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांची गरज केवढी आहे हे निक्षून सांगितलं होतं. 1886 मध्ये त्या फिलाडेल्फियातून पदवी घेऊन निघाल्या. त्याच सुमारास मुंबईत बायकांसाठीचं कामा रुग्णालय उभं राहिलं. पुरुष डॉक्टरला दाखवायचं नाही म्हणून बायका मरत होत्या, त्या काळात हे पाऊल केवढं मोठं होतं! पण आज स्त्रीरोग विभागांत तुम्हाला बायकाच बायका दिसतील, आणि त्या रात्री मांडीवर पडलेला हात एका बाईचाच होता.

प्रशिक्षण म्हणजे काय करतो, असं मला लोक विचारतात. भाषण? नाही. भाषणाने डॉक्टर बदलत नाहीत, ते मोबाइल बघतात. आम्ही जेवणानंतर सगळ्यांना लेबर रूममध्ये नेतो. कपडे अंगावर ठेवूनच एकेकाने टेबलावर आडवं व्हायचं. पाय वर, पट्ट्यांत अडकवलेले. दार उघडं. बाकीच्यांनी पायथ्याशी उभं राहून त्याच्या 'केस'ची इंग्रजीत चर्चा करायची. फक्त पाच मिनिटं.

एका तालुक्याच्या गावी एक वीस वर्षं अनुभवी सर्जन होते. हसत हसत चढले. एका मिनिटात त्यांचा हात डोळ्यांवर गेला. मला ते पाहून धक्का बसला, कारण हुबेहूब तसाच हात डोळ्यांवर घेतलेल्या हजारो बायका मी पाहिल्या आहेत. पदर नसेल तर हात. खाली उतरल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला फक्त छताचा पंखा दिसत होता. तुम्ही माझ्याबद्दल बोलताय एवढं समजत होतं, काय बोलताय ते कान देऊनही लागत नव्हतं." त्यांनी दुसऱ्या दिवशी काय केलं ते ऐका. लेबर रूममधली सगळी टेबलं फिरवून घेतली. इमारत झाल्यापासून ती दाराकडे पाय करून लावलेली होती. दार उघडलं की जाणाऱ्या-येणाऱ्याला सगळं दिसायचं. इतकी वर्षं ते रोज त्याच दारातून आत येत होते. टेबल फिरवायला पैसा लागला नाही, वरची परवानगी लागली नाही. फक्त एकदा त्यावर झोपावं लागलं.

मग येते भाषा. आपल्या मराठीत तू आणि तुम्ही आहेत, आणि सरकारी दवाखान्यात कुणाला काय मिळतं हे साडीवरून ठरतं. सुती पातळ, पायात स्लीपर : "ए, तू, सरक तिकडे." सिल्कची साडी, सोबत मोटारवाला नवरा : "ताई, तुम्ही बसा." तुम्ही म्हणायला वेळ जास्त लागत नाही, हे आम्ही घड्याळ लावून दाखवतो. नावाने हाक मारायची, बेड नंबरने नाही. शिवाय बायकांचे शब्द कळायला हवेत. ती 'श्वेतप्रदर' म्हणणार नाही. ती म्हणेल 'अंगावरून जातं', 'कंबर धरते', 'हातापायाची आग होते', 'जिवाला बरं नाही'. शहरातून आलेला इंटर्न 'कंबरदुखी' लिहितो, दुखायच्या गोळ्या देतो, आणि ज्या गोष्टीसाठी ती दोन एसट्या बदलून आली ती तशीच परत जाते.

किती गोष्टी अशा परत जात होत्या, हे जगाला कळलं ते आपल्या गडचिरोलीतून. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन खेड्यांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली, आणि 1989 च्या जानेवारीत 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले. 92 टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, सरासरी प्रत्येकीला साडेतीनाहून जास्त. आणि यापूर्वी कधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. तोवर आरोग्यखात्याच्या लेखी खेड्यातल्या बाईला दोनच दुखणी होती : बाळंतपण आणि ते थांबवणं. बाकीचं विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मला हा अभ्यास कायम मोठ्या सिस्टरांच्या प्रश्नाचं उत्तर वाटत आला आहे. विचारलं, तर एवढं निघालं.

आता केसपेपरकडे येते, कारण डॉक्टरच्या पेनाने बाईचं काय होऊ शकतं, याची आपल्या महाराष्ट्राला जुनी जखम आहे.

1972 च्या मार्चमध्ये देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी बलात्कार केल्याचा खटला उभा राहिला. मथुरा प्रकरण म्हणून तो देशाला माहीत आहे. वैद्यकीय तपासणीत तिच्या योनिमार्गात दोन बोटं सहज जातात, पडदा पूर्वीच फाटलेला आहे, अशी नोंद झाली. अंगावर जखमा नाहीत, अशीही. तिला लैंगिक संबंधांची सवय आहे, अशी भाषा सत्र न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत त्या कागदाच्या आधाराने फिरत राहिली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी धरलेले पोलीस सर्वोच्च न्यायालयात सुटले. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि 1983 मध्ये कायदा बदलला.

कायदा बदलला, पण आमचा धडा बदलला नाही. मी तेव्हा विद्यार्थिनी होते. न्यायवैद्यकाच्या पेपरात 'कौमार्याची लक्षणं' हा हमखास येणारा प्रश्न. मी तो पाठ केला, आकृती काढली, मार्क मिळवले. दोन बोटांची तपासणी शास्त्र आहे, याबद्दल वर्गात कुणाला शंका नव्हती. ती शास्त्र नाही. योनिमार्ग किती सैल आहे यावरून बाई पूर्वी कुणाजवळ गेली होती का हे कळत नाही. आणि कळलं असतं तरी काल रात्री तिच्यावर जबरदस्ती झाली की नाही याच्याशी त्याचा काय संबंध? ज्या प्रश्नाचा उपचाराशी संबंध नाही आणि न्यायाशीही नाही, तो आम्ही तिच्या शरीरात बोटं घालून विचारत होतो. आणि जो विचारायला हवा, काय झालं, कुठे दुखतंय, गर्भाची भीती आहे का, आज घरी जायला सुरक्षित वाटतं का, तो विचारत नव्हतो.

सेवाग्रामचे न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी या तपासण्यांची अवस्था किती भयंकर आहे, हे अहवालाने मांडलं, आणि 2010 मध्ये तो विषय जनहित याचिकेतून नागपूर खंडपीठापुढे गेला. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन बोटांची चाचणी स्त्रीच्या प्रतिष्ठेचा भंग ठरवली. 2014 मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने अत्याचारग्रस्तांच्या तपासणीचे नवे नियम काढले. तरी चाचणी चालूच राहिली. 31 ऑक्टोबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की ती करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. आणि त्याच निकालात वैद्यकीय अभ्यासक्रम तपासा, आरोग्यसेवकांच्या कार्यशाळा घ्या, असंही बजावलं. म्हणजे बघा, न्यायाधीशांनाही कळून चुकलं की बंदीचा कागद पुरत नाही, हाताला लागलेली सवय वर्गात जाऊनच सुटायची. मधे 2019 मध्ये नाशिकच्या आपल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने 'कौमार्याची लक्षणं' अभ्यासक्रमातून काढून टाकली. मला त्या दिवशी फार समाधान वाटलं. पण 2024 च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात जुनं बरंच काही परत डोकावलं, समलिंगी संबंधांना 'अनैसर्गिक गुन्हा' म्हणण्यापर्यंत. गदारोळ झाला, आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आयोगाने ते मागे घेतलं. पुस्तकातून एकदा काढलं म्हणजे गेलं, असं होत नाही. राखण करावी लागते.

आपल्याकडे या कामाची एक चांगली वाट पाडलेली आहे, आणि तिचं कौतुक आपल्याच घरात कमी होतं. 2000 साली मुंबई महापालिका आणि 'सेहत' ही संस्था यांनी मिळून वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्राचा घाट घातला. घरात मार खाणारी बाई पोलीस चौकीत जात नाही. पण दवाखान्यात येते, कधी हात मोडून, कधी झोपेच्या गोळ्या पोटात घेऊन, कधी नुसती 'डोकं दुखतं' म्हणत. मग मदत तिथेच का नसावी? पाचव्या पाहणीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी दहातल्या जवळजवळ तिघींनी नवऱ्याकडून मार किंवा जबरदस्ती सोसल्याचं सांगितलं आहे. ओपीडीच्या रांगेकडे बघा आणि मनात मोजा. 'दिलासा'त मला सगळ्यात शहाणपणाचं वाटलं ते हे, की त्यांनी शिकवायला बाहेरचे वक्ते आणून भागवलं नाही. रुग्णालयातल्याच नर्सेस आणि डॉक्टरांमधून शिकवणारे तयार केले. सिस्टर सिस्टरचं ऐकते. पुढे ही केंद्रं मुंबईच्या इतर रुग्णालयांत गेली. याच संस्थेने राज्याच्या वैद्यकीय शिक्षण संचालनालयाबरोबर एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातही हात घातला, आणि तिथेही लिंगभावाचा वेगळा तास न ठेवता तो स्त्रीरोग, औषधवैद्यक, मानसोपचार, जनवैद्यक, न्यायवैद्यक अशा चालू विषयांतच मुरवला. वेगळा तास ठेवला असता तर मुलं तो बुडवून कॅन्टीनला गेली असती, हे मी माझ्या मुलांना ओळखून सांगते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2014 च्या पुस्तिकेत घरात मार खाणाऱ्या बाईशी कसं वागावं याच्या पाच पायऱ्या आहेत : ऐका, काय हवंय ते विचारा, तुमचा विश्वास आहे हे तिला कळू द्या, तिची सुरक्षितता बघा, आधाराशी जोडून द्या. वाचायला सोपं. करायला बसलं की जीभ अडते. आम्ही प्रत्येकाला ते वाक्य मोठ्याने म्हणायला लावतो. आधी सासूबाईंना केसपेपरच्या खिडकीवर पाठवायचं. दार लोटायचं. मग : "अशा खुणा पडल्यावर सहसा होत नाहीत. मी माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणींना विचारते, म्हणून तुम्हालाही विचारते. घरात कुणी हात उचलतं का?" एवढंच. एका तरुण डॉक्टरला ते चार वेळा म्हणता आलं नाही. दर वेळी 'हात उचलतं का'पाशी आवाज खाली जायचा. पाचव्या वेळी जमलं. जेवणाच्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मॅडम, हे वाक्य माझ्या आईला कुणी विचारलं असतं तर."

आणि मग लिहायचं काय? 'पडल्यामुळे जखम' नव्हे. 'नवऱ्याने लाटण्याने उजव्या हातावर मारल्याचे रुग्ण सांगते' असं, तिच्या शब्दांत, तारीख-वेळ घालून. दोन वर्षांनी ती न्यायालयात उभी राहील तेव्हा शेजारीपाजारी फिरलेले असतील, माहेर दमलेलं असेल. तुमची ती एक ओळ तिच्या बाजूची असेल.

सहीचं एक सांगते. गर्भपाताचा कायदा 1971 चा. सज्ञान बाईची स्वतःची संमती त्याला पुरते. नसबंदीलाही नवऱ्याची सही लागत नाही. पण आजही कित्येक ठिकाणी "मालकांना घेऊन या" सांगून तिला परत पाठवतात. का, असं विचारलं की उत्तर येतं, "उद्या नवऱ्याने भांडण केलं तर?" म्हणजे कायदा माहीत असतो, भीती नवऱ्याची असते, तिची नसते. आणि नसबंदीचा विषय निघालाच आहे तर ऐका : पाचव्या पाहणीत देशात स्त्रियांची नसबंदी सुमारे 38 टक्के, पुरुषांची 0.3 टक्के. पुरुषांचं ऑपरेशन सोपं, कमी जोखमीचं. पण आम्ही समुपदेशनाला बोलावतो ते बायकोलाच. पुरुषाला विचारलं का, हाही मोठ्या सिस्टरांचाच प्रश्न समजा.

'तिला विचारलं का' हे मात्र कधी कधी अर्धवटही असतं. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण 2019 मध्ये गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. 82,309 ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली, म्हणजे सहाजणींत एकीची. डॉक्टर म्हणाले, बायकाच मागतात. मागतात, खरं आहे. पण पुढचा प्रश्न विचारा : का मागता? फडात खाडा झाला की पैसे कापले जातात. उचल आधीच घेतलेली. कोपीत ना पाणी, ना संडास, ना आडोसा. पाळीचे चार दिवस म्हणजे चार दिवसांचं संकट. तिला पिशवी नकोशी झालेली असते ती आजारामुळे नव्हे. तीस-पस्तिशीत पिशवी आणि अंडाशयं गेल्यावर हाडांचं, हृदयाचं पुढे काय होतं, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. अशा वेळी तिची सही असलेला कागद म्हणजे संमती नाही. विचारणं म्हणजे सही घेणं नव्हे, हे मला फार उशिरा कळलं.

प्रशिक्षण फक्त डॉक्टरांचं करून चालत नाही. बाईला आधी भेटतो तो वॉचमन, मग केसपेपर काढणारा कारकून, मग मावशी. तृतीयपंथी माणूस केसपेपरच्या खिडकीशी आला की तिथूनच हसण्याची लाट सुटते, आणि तो ताप अंगात घेऊन परत जातो. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची ओळख मान्य केली, 2019 मध्ये कायदा झाला. पण कोणत्या वॉर्डात ठेवायचं, हे रात्री अकरा वाजता कुणालाच माहीत नसतं. तिथेही उत्तर सोपं आहे. त्यांनाच विचारा.

आता मागच्या रांगेत दुपारची ड्यूटी संपवून गणवेशातच येऊन बसलेल्या सिस्टर्सबद्दल. मी एकदा एका ग्रामीण रुग्णालयात दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं. छान झालं, निरोपाची भाषणं झाली. शेवटी कुणाला काही विचारायचंय का, म्हटलं. कोपऱ्यातून एक सिस्टर उठली. रात्रपाळी करून बसली होती, डोळे लाल. म्हणाली, "मॅडम, तुम्ही दोन दिवस सांगताय, तिला विचारा, तिला विचारा. आम्हाला कोण विचारतं? रात्री मी एकटी असते. दोन टेबलं, वॉर्डात बावीस बायका. दारू पिऊन नातेवाईक आत घुसतात. बाळंतीण उघडी असते आणि मी दाराला पाठ लावून उभी राहते."

सभागृह गप्प झालं. केंद्राच्या 'लक्ष्य' कार्यक्रमात 2017 पासून प्रसूतिकक्षातल्या खासगीपणाचं लिहिलेलं आहे, सोबतिणीला आत घेण्याचंही आहे. मी ते दोन्ही दोन दिवस उत्साहाने शिकवलं होतं. आणि दाराचं मी पाहिलंच नव्हतं.

मी तिला म्हटलं, "मग तुम्हाला काय हवंय?" मला वाटलं, ती जादा माणसं मागेल, बदली मागेल. ती म्हणाली, "आतून कडी."

आम्ही सगळे उठून बघायला गेलो. दाराला आतून कडी नव्हती. जिथे कधीकाळी होती तिथे चार भोकं होती, आणि त्यांत जुन्या स्क्रूंचा गंज. वैद्यकीय अधिकारी म्हणाले, मागणीपत्र कधीच पाठवलंय. ते खरं होतं, त्यांनी मला फाइल दाखवली. त्या सिस्टरने मग मावशींना बाजारात पाठवलं. मावशी पितळी कडी घेऊन आल्या, रुग्णालयाच्या ड्रायव्हरने गाडीतला स्क्रूड्रायव्हर काढला. जुनी भोकं मोठी झाली होती म्हणून त्यांत आगकाड्या ठोकून स्क्रू बसवले. मी निघाले तेव्हा आत कळा चालू होत्या. सिस्टर दारात आली, मला नमस्कार केला, आत गेली, आणि मला बाहेर उभी असताना आतून कडी लागल्याचा आवाज ऐकू आला.